शून्य बायांना किती वेळ लागतो

बीजगणितात दोनदा नापास व्हायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. दोन्ही वेळा एकच चूक पुरली. छेदात शून्य आलं की मी उत्तरही शून्य लिहीत असे. भागायला खाली काही उरलंच नाही, तर उत्तर तरी कुठून उरणार, असा माझा हिशेब. पुस्तकात हे चूक आहे असं ठळक अक्षरात छापलं होतं. ते मला पाठ होतं, पटलेलं नव्हतं.

लग्न होऊन जळगावला आल्यावर मी बाहेरून विज्ञानाच्या पदवीला नाव घातलं होतं. बाकी सगळे पेपर सुटले, पहिल्या वर्षाचा हा एक अडून बसला. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत हंगामी काम करत होते. ती जागा आता कायम होणार होती. मुख्याध्यापकांनी सरळच सांगितलं, "ताई, जूनपर्यंत पदवी आणा. नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल." त्यामुळे हा तिसरा प्रयत्न हौसेचा नव्हता.

परीक्षेआधी आमच्यासारख्यांसाठी एक मार्गदर्शन वर्ग झाला. म्हणजे आधी त्याचं उद्घाटन झालं. एप्रिलातलं जळगाव, आणि समई विझू नये म्हणून पंखे बंद. गणित हा विश्वाचा प्राण आहे असं प्रमुख पाहुणे घाम पुसत म्हणाले, आणि आपण स्वतः शाळेत गणितात कच्चे होतो हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. टाळ्या पडल्या. माझ्या कच्चेपणाला आजवर कुणी टाळी दिली नव्हती.

आभारप्रदर्शनानंतर उरलेल्या वेळात सरांनी घाईघाईने फळ्यावर लिहिलं: एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागलं की परिमेय फलन. "घरी जाऊन रोजच्या आयुष्यातलं एक मांडून बघा," म्हणाले, तोवर फोटोसाठी खुर्च्या ओढायला सुरुवात झाली होती.

माझ्या रोजच्या आयुष्यात तेव्हा उडदाचे पापड होते. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाळीने पापड होतात. आज तिच्या घरी, उद्या हिच्या. सगळ्यांच्या घरी आपण लाटायचं, मग आपल्या पाळीला सगळ्या येतात. माझी पाळी नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवशी आली. पेपर धुळ्याला होता. दोनच्या गाडीने निघून तिथेच देवपूरला माहेरी मुक्काम करायचा, संध्याकाळी शेवटची उजळणी, असं ठरलं होतं. पापड पुढे ढकलू का असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "डाळ दळून आणलीये." विषय संपला.

मग मी फलन मांडलं. आमचा सगळा उंडा एकटीने लाटायचा तर बारा तास. क्ष बाया असतील तर बारा भागिले क्ष. पण गल्लीत राहून मला एवढं कळलं होतं की प्रत्येक बाई लाटण्याबरोबर गप्पाही आणते. दर बाईमागे वीस मिनिटं धरली, म्हणजे क्ष भागिले तीन तास वाढले. छेद सारखे केले: वर क्षचा वर्ग अधिक छत्तीस, खाली तीन क्ष. वर बहुपदी, खाली बहुपदी. तिघी असल्या तर पाच तास, सहा जणी असल्या तर चार, बारा असल्या तर पुन्हा पाच. आलेख खाली येतो, सहापाशी टेकतो आणि पुन्हा वर चढतो. मला इतका आनंद झाला की मी लगेच तो अमलात आणला. माझ्यासकट सहा. पाच जणींनाच निरोप दिला.

सकाळी नऊला पहिली लाटी कापतोय तोच समोरच्या अक्का पोळपाट काखेत मारून दारात उभ्या. शिरपूरकडच्या, गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या. "काय माय, आमन्हं लाटनं वाकडं शे का?"

त्यांच्यामागे न बोलावलेल्या बाकीच्या. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू छेदातलं शून्य मीच आहे. बारा जणी बसल्या. नऊ अधिक पाच म्हणजे दोन, गाडी गेली.

खोटं बोलून भागण्यासारखं नव्हतं. मी दोनच्या गाडीचं सांगितलं, परातीत लाटायची पिठी पसरली आणि बोटाने आलेख काढून दाखवला.

"म्हणजे आम्ही गप्पा मारतो?" एकीने विचारलं, आणि त्यावरच सगळ्या बोलू लागल्या.

अक्का रेघ न्याहाळत होत्या. "आनि एक बी बाई नई उनी तं? मंग कितला टाइम लागी?"

"शून्य," मी सवयीने म्हणाले.

जो हशा झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. सासूबाईसुद्धा हसल्या. "शून्य कसाले? पापड काय आपोआप लाटाई जातीन का?" असं म्हणत अक्कांनी उंड्यावर थाप मारली. "उंडा तठेच पडी राही!"

"आणि अर्धीच बाई आली तर?" कोपऱ्यावरच्या घरातली म्हणाली.

"हाई काय, तूच बठेल शे ना!" अक्का म्हणाल्या. ती कामापेक्षा पाणी पिण्यासाठी जास्त उठते, हे सर्वमान्य होतं. तीही हसली.

मी परातीकडे पाहत राहिले. अर्धी बाई, चोवीस तास. पाव बाई, अठ्ठेचाळीस. बाई शून्याकडे सरकते तशी रेघ वर, आणखी वर, परातीच्या काठाबाहेर. आणि शून्यावर काहीच नाही. शून्य तास नव्हे, उत्तरच नाही. उंडा तिथेच पडलेला. पुस्तकात तिथे एक उभी तुटक रेघ असते, तिला अनंतस्पर्शी म्हणतात. ती मी आजवर नक्षी समजत होते.

"मंग गप्पाच बंद करा," अक्कांनी फर्मान काढलं. "पोरीनी गाडी शे." हे मला सुचलं नव्हतं, गप्पांचं पदच उडवलं की बारा जणींना एकच तास लागतो. शांतता झाली, पण कोपऱ्यावरचीला हसू फुटेपर्यंतच टिकली. तरी साडेबारापर्यंत पापड उन्हात पडले, आणि दोनच्या गाडीत मला खिडकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फलन आलं, तीनवर छेद शून्य होणारं. हात शून्य लिहायला निघाला आणि थांबला. मी तिथे तुटक रेघ ओढली. तिच्या दोन्ही बाजूंनी आलेख पळवताना मला कोपऱ्यावरची आठवत होती.

पास झाले. गुण सांगण्याजोगे नाहीत, पण पदवीच्या कागदावर ते नसतात. शाळेने सत्कार केला. या वेळी समई नव्हती, त्यामुळे पंखे चालू होते. प्रयोगशाळेच्या किल्ल्या आता माझ्याकडे असतात.

यंदा पाळी आली तेव्हा अक्कांनी रस्त्यावरूनच विचारलं, "काय वं, कितल्या बाया सांगाना?"

"बठ्ठ्या," मी म्हणाले. "सगळ्याच्या सगळ्या. यंदा मला कुठली गाडी नाही."