एक पुस्तक बाकी

गजभियेकाकांनी मला नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, “कोणत्या मशिनीवर होता गा तू?”

वर्ध्याला विद्यापीठात येऊन मला चौथाच दिवस. ग्रंथालयाच्या काउंटरवर मी कार्ड मागितलं, तर अख्ख्या वाचनकक्षाच्या माना वळल्या. माझ्या मते मी हळूच बोललो होतो. काउंटरमागचे हे साठीला टेकलेले परिचर मात्र माझ्या ओठांकडे बघत होते.

“इचलकरंजीत. मागावर,” मी म्हणालो.

“तरीच! मी आर्वीले कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, आठ वर्सं. एक कान तिथंच ठेवून आलो.” मग कार्ड हातात देत म्हणाले, “तू पयला पोरगा हायेस बाप्पा, ज्याचं मले सारं आयकू आलं.”

नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी मागावर. चोवीस यंत्रमाग एका छपराखाली खडखडत असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ते ओठांवर वाचावं लागतं. आपलं काही सांगायचं तर छाती फोडून सांगायचं. पुढे बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी काढली आणि तेविसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर येऊन बसलो. पहिल्या तासाला नाव सांगितलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊ, माइक बंद कर.” वर्ग हसला. त्यात दुष्टावा नव्हता, पण मी तोंडच मिटलं. हजेरीलाही नुसता हात वर करायचो.

बोलायचो ते फक्त काकांशी, आणि तेही आवाज न काढता. ओठ वाचायची सवय त्यांनाही जिनिंगमध्येच लागलेली. ‘शांतता राखा’ या पाटीखाली मी खिडकीशी, ते काउंटरला, आणि गप्पा दिवसभर. जेवला का, घरून फोन आला का, तो कोपऱ्यातला पाह्य कसा झोपून राह्यला. एकदा ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “गजभिये, तुम्ही सारखं तोंड वेडंवाकडं का करता?” काका गंभीरपणे म्हणाले, “दाढ दुखून राह्यली, मॅडम.”

पहिल्या सत्राच्या शेवटी प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून दहा मिनिटं बोलायचं होतं. त्याशिवाय सत्र पूर्ण होणार नव्हतं. बोलणाऱ्यांची यादी लागली. तिसऱ्या दिवशी मी प्रवेश रद्द करायचा अर्ज लिहिला, जुन्या मालकाला फोन केला. माग रिकामा होता. आता फक्त ग्रंथालयाकडे काही बाकी नसल्याची सही हवी होती.

काकांनी कागद वाचला. “काऊन?”

“जमत नाही, काका.”

त्यांनी रजिस्टर उलटंपालटं केलं. “एक पुस्तक बाकी हाये.”

“सगळी परत केलीत मी!”

ते उठले, जवळच्या कपाटातून हाताला आलं ते पुस्तक काढलं, तारखेचा शिक्का मारला, माझ्या नावावर चढवलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. “आता हाये. पुरं वाचून दाखवजो मले. मंग सही.”

पुस्तक मधमाश्या पाळण्याचं होतं.

रोज सकाळी, ग्रंथालय उघडण्याआधी अर्धा तास, मी पायरीवर बसून वाचायचो आणि ते समोर स्टुलावर. मी ओरडलो की काही म्हणायचे नाहीत. स्टूल तेवढं वीतभर पुढे घ्यायचे. पाचव्या दिवशी आमचे गुडघे एकमेकांना लागले. इतक्या जवळच्या माणसावर कोण ओरडेल? आवाज आपसूक खाली आला.

“आता ऐकू येतंय का?” मी धास्तावून विचारलं.

“मले कायले आयकू याले पाह्यजे? मी तं तोंड पाह्यतो.” मग थांबून म्हणाले, “समोर माणूस हाये बाबू. मशीन नाई.”

अर्ज तसाच खिशात राहिला आणि मी विषय घेतला कांडी भरणाऱ्या बायकांचा, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या दिवसभर भरत बसणाऱ्या. माझी पाळी आली तेव्हा काका मासिकांचा गठ्ठा घेऊन वर्गाच्या दाराशी उभे. मासिकं वर्गात कधीच येत नसत. सुरुवात करण्याआधी मी तिकडे पाहिलं. दाराशी ओठ हलले: माणसं हायेत.

दहाची चौदा मिनिटं झाली. शेवटी ‘माइक’वाल्या मुलानंच विचारलं, “भाऊ, एवढ्या आवाजात त्या बायका एकमेकींना हाक कशी मारतात?” मी ओठांनी करून दाखवलं. वर्ग पुन्हा हसला, आणि या खेपेला मीही. बाहेर येऊन पायरीवर टेकलो तेव्हा कळलं, इतके महिने मी खांदे कानांपर्यंत चढवूनच वावरत होतो.

उन्हाळ्यात काका निवृत्त झाले. आंजीला, आपल्या घरी निघाले, तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेलो. “जय भीम, बाबू,” म्हणून ते एसटीत चढले. खिडकीची काच अडकलेली, इंजिन धडधडत होतं. काचेमागून ते नुसत्या ओठांनी बोलले: थे पुस्तक अजून देल्लं नाई तुनं.

खरंच होतं. दर पंधरवड्याला काका तेच पुस्तक पुन्हा माझ्या नावावर चढवत होते.

मीही तसंच, आवाज न काढता म्हणालो, “पदवी झाली की देतो.”

त्यांना कळलं होतं, शंका नाही. तरी त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली: आयकू नाई आलं.

मग मी मागावरचा आवाज काढला. अख्ख्या स्टँडच्या माना वळल्या. वळू देत.