मागच्या अंगणातला आवाज

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचत जातात. आमच्या जिन्याखाली फुटक्या कुंड्या साचल्यात ना, तसे. टाकवत कुणालाच नाहीत, आणि दर वर्षी होळी झाली की साफसफाईला सगळ्या बाहेर निघतात. एखादी हातात घेतली की कुणीतरी म्हणतंच, "ही आठवते का?" आणि झालं, त्या दिवसाच्या कामाची वाट लागली!

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला, आमची जुनी सोसायटी. मागे भिंतीलगत एक लांबट पट्टा आहे, त्याला आम्ही कौतुकाने अंगण म्हणतो. पावसाळ्यात तिथल्या लाद्या खचतात, उरलेलं काम घुशी करतात. म्हणून मार्च उजाडला की आमची गँग खुरपी घेऊन उतरते. गँग म्हणजे तिघंच. तळमजल्यावरची मी, मेधा, शाळेच्या ऑफिसात काम करते. पहिल्या मजल्यावरचे कांबळेसाहेब, मूळ परभणीकडचे, टपाल खात्यातून निवृत्त. आणि दुसऱ्या मजल्यावरचे तात्या गावडे, मालवणचे.

'होते' म्हणायला हवं. अजून जीभ वळत नाही.

*

तात्यांचा आवाज! आयुष्य छापखान्यात गेलेलं. मशीनच्या आवाजाच्या वर बोलायची सवय, ती मशीन सुटल्यावरही गेली नाही. ते मागे "मेधा, फावडा आण!" म्हणाले की तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजणं चुकायचं.

एकदा शेजारच्या सोसायटीचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. "क्या हुआ? मारामारी?"

तात्या एकटेच होते. मिरचीच्या रोपासमोर उकिडवे बसून, बोट रोखून. "गो, फुलतलंस काय उपटू तुका?"

वॉचमन म्हणाला, "किससे बोल रहे हो, साब?"

"तुझ्याशी न्हय. तू जा!"

आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यात मिरची फुलली. तात्या सगळ्यांना सांगत फिरले, "भ्यायली!"

*

कांबळेसाहेबांचं सगळं उलटं. त्यांचं बोलणं ऐकायचं तर मान पुढे करावी लागते. अशा माणसाने एका वर्षी कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचं खत करायला ड्रम ठेवला. आठवड्याभरात तक्रारी सुरू. आमच्या सेक्रेटरी ज्योत्स्नाबेन नाकाला पदर लावूनच आल्या. "कांबळेभाई, केवढा वास! माणसं राहतात इथे."

कांबळेसाहेबांनी ड्रमचं झाकण नीट बसवलं. हळूच म्हणाले, "ज्योत्स्नाबेन, मी देवनारला डंपिंग ग्राउंडच्या भिंतीला लागून राहिलोय. माझी दोन्ही पोरं तिथंच मोठी झाली. वास कशाला म्हणतात ते मला विचारा. हा वास नाही, ही माती होतीय."

ज्योत्स्नाबेन पदर सावरत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून भाज्यांच्या सालींची पिशवी आली. ड्रम राहिला.

तात्या मात्र ओरडलेच, "कांबळ्या, पोरांचा ह्या माका कधी सांगलंस नाय तू!"

"तू कधी गप्प बसलास का, गावडे?"

*

मग एका पावसाळ्यानंतर तात्यांचा आवाज बसला. थंड पाणी, हवा, धूळ, कारणं काय कमी असतात? ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. आम्ही सगळे चेष्टा करत होतो. त्यांची बायको, शालनवहिनी, खिडकीतून म्हणायच्या, "असू दे हो तसाच! बिल्डिंगला जरा शांतता."

आवाज बसला तो उठेना. डॉक्टरने दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणाले.

वहिनी माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. दाराला धरून म्हणाल्या, "मेधा, मी शांतता म्हटलं ना गं? कुणी ऐकलं असेल का ते?"

मी त्यांना आत घेतलं. दुसरं काय करणार?

*

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. महिन्याभराने तात्या खाली उतरले. गळ्याला भोक, त्यावर वहिनींनी शिवलेला मलमलचा रुमाल. धूळ थेट छातीत जाईल म्हणून माती उकरायला सक्त मनाई. मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या हातात एक काठी होती. नव्या भिजवलेल्या वाफ्यात त्यांनी त्या काठीने लिहिलं, 'वीट वाकडी.'

कांबळेसाहेबांनी वीट सरळ केली. त्यानंतर आमचा सगळा संवाद वाफ्यातच!

एके दिवशी ज्योत्स्नाबेन आल्या. आमच्या विटा स्कूटरच्या पार्किंगमध्ये वीतभर आल्या होत्या, त्यावर त्यांचं बराच वेळ चाललं. तात्यांनी आमच्यासाठी मातीत लिहिलं, आणि ते ज्योत्स्नाबेननीच वाचलं. मोठ्याने, एकेक अक्षर लावत.

"ह्या... बायेक... घालवा, मगे... चाय... करूया." त्यांनी वर पाहिलं. "घालवा? म्हणजे मला?"

कांबळेसाहेब आकाशात बघायला लागले. ज्योत्स्नाबेननी तात्यांच्या हातातली काठी घेतली, साडी सावरून खाली बसल्या आणि त्याखाली लिहिलं, 'चा पिऊनच जाणार.'

विटा आहेत तिथेच आहेत.

*

गळ्याला लावून बोलायचं मशीनही आणलं होतं. लिफ्टमध्ये बाई बोलते ना, तसा सपाट आवाज. तात्यांनी ते अंगणात आणलं, मिरचीसमोर बसले आणि बटण दाबून दोन शिव्या हासडल्या. म्हणजे त्यांच्या मते हासडल्या. आम्हाला ऐकू आलं ते 'कृपया दरवाजा बंद करा' म्हटल्यासारखं.

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता जिन्याकडे वळल्या आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तात्यांनी मशीन माझ्या हातात दिलं. मातीत लिहिलं, 'गाळी लागनत नाय. परत करा.'

*

आता माकडांचं सांगते. नॅशनल पार्क जवळ म्हणजे माकडं आलीच. पूर्वी तात्या एकदा ओरडले की टोळीच्या टोळी भिंतीवरून पळायची. तेव्हा आम्हाला जाळी कधी लागलीच नाही.

ऑपरेशननंतरच्या वर्षीची गोष्ट. भिंतीजवळच्या पपईला पहिल्यांदाच फळं धरली होती. तात्यांनीच लावलेली. एक पपई पिवळी होत आलेली, उद्या काढू म्हणून ठेवलेली. मी आणि कांबळेसाहेब पलीकडे तोंडलीच्या मांडवाला सुतळी बांधत होतो. तात्या खुर्चीत.

एक मोठं माकड भिंतीवर येऊन बसलं. पपई तोडली आणि तिथेच बसून खायला लागलं, तात्यांच्या समोर, दोन हातांवर!

तात्या उठले. त्यांनी दोन्ही हात वर केले, मान ताणली, तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मी मांडवाखालून बघत होते. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला, रुमाल फडफडला. आवाज काहीच नाही. नुसता वारा.

माकडाने त्यांच्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं.

तात्या तसेच उभे होते. तोंड मिटायचं विसरले होते.

तेवढ्यात माझ्या बाजूने कुणीतरी किंचाळलं. "चल भायर पड, मेल्या! तुझ्या बापाशीचा घर हा काय!"

कांबळेसाहेब! एरवी आवाज न चढवणारा माणूस, परभणीच्या तोंडातून मालवणी! हातात सुतळीचं बंडल घेऊन भिंतीकडे धावत होते, चष्मा नाकाच्या टोकावर.

माकड काही गेलं नाही. पपई संपवूनच गेलं.

तात्या खुर्चीत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, आम्हाला कळेना. आवाज नसला की ते दोन्ही सारखंच दिसतं. कांबळेसाहेब धापा टाकत त्यांच्या शेजारी मातीतच बसले. तात्यांनी काठीने लिहिलं, 'उच्चार सुधार.'

*

वहिनींची अडचण वेगळीच होती. "पूर्वी मला खाली डोकवावं लागत नव्हतं गं," त्या म्हणायच्या. "आवाजावरून कळायचं, हे आहेत. आता भाजी चिरताना मध्येच छातीत धस्स होतं." मग त्या जिना उतरून यायच्या, नवऱ्याला लांबूनच बघायच्या आणि परत वर. गुडघे दुखायला लागले.

शेवटी त्यांनी एक दिवस झारीच्या कडीला घुंगरं बांधली. तात्यांनी हातवारे करून विचारलं, हे काय?

"मांजराला बांधतात ना, तसं! अहो, निदान पाणी घालताय एवढं तरी कळू दे मला."

तात्यांनी कपाळाला हात लावला. पण घुंगरं सोडली नाहीत. उलट काही काम नसलं तरी अधूनमधून झारी उचलून हलवायचे, वर खिडकीकडे न बघता.

*

दुखणं परत आलं. ह्या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. संक्रांत झाली आणि तात्या गेले.

होळीनंतर मी आणि कांबळेसाहेब अंगणात उतरलो. उतरायचं की नाही, ह्यावर दोघांनी एक शब्द काढला नव्हता. लाद्या खचलेल्या होत्या, घुशींनी आपलं काम चोख केलं होतं. आम्ही माती भरली, लाद्या ठोकल्या. मोगऱ्याला पाणी घालायला कांबळेसाहेबांनी झारी उचलली.

घुंगरं वाजली. दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडली. वहिनींचे हात पिठाचे होते.

कांबळेसाहेबांनी झारी हळूच खाली ठेवली, चोरी पकडल्यासारखी.

मग वहिनीच म्हणाल्या, "घाला हो पाणी. सुकलाय तो."

*

एक किस्सा मात्र मी मागे ठेवला होता. तात्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा.

सकाळी लवकर हॉस्पिटलला निघायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उद्यापासून बोलणं नाही, कायमचंच. म्हणजे होता तो घोगरा, फाटका आवाज तेवढ्या संध्याकाळपुरता. आम्हाला वाटलं, तात्या घरात बसतील, वहिनींशी बोलतील, लेकीला नाशिकला फोन करतील. पण ते खाली आले आणि मांडवाच्या काठ्या तासायला बसले. एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलेल्या प्रश्नांना नुसती मान. अर्धा तास गेला तसाच.

आणि अचानक कांबळेसाहेब म्हणाले, "गावडे, हा कढीपत्ता तू चुकीचा छाटतोस."

तात्यांनी वर पाहिलं.

"साफ चुकीचा. दर वर्षी बघतोय मी. तुला बागकामातलं काही कळत नाही."

"माका?" तात्या म्हणाले. "माका कळणा नाय?"

"अजिबात नाही. ओरडतोस नुसता."

झालं! तात्यांनी कोयता टाकला. कढीपत्ता शेंड्यातून छाटायचा की बुडातून, इथून जी सुरुवात झाली ती शेणखतावर गेली, तिथून मागच्या वर्षी मेलेल्या जास्वंदीवर, तिथून कुणाची विटांची ओळ वाकडी ह्यावर. तात्या एक बोलले की कांबळेसाहेब दोन काढत. एरवी मान पुढे करून ऐकावा लागणारा माणूस त्या दिवशी जिन्यापर्यंत ऐकू येत होता. हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते. माझ्या तोंडून "अहो, त्यांना त्रास होईल" असं निघणार होतं. कांबळेसाहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी खाली पडलेल्या काठ्या गोळा करायला लागले.

खिडक्या उघडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आले, ज्योत्स्नाबेन आल्या. कुणीही "हळू" म्हटलं नाही. दुसऱ्या मजल्यावर शालनवहिनी घडी घातलेला टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी जेवायला हाक मारली नाही.

अंधार पडला. जिन्यातला दिवा लागला. तात्यांचा आवाज चिरकत चिरकत नुसता श्वासासारखा झाला होता. त्यांनी नळावर हात धुतले, लुंगीला पुसले. कोयता उचलला. दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"कांबळे."

"काय?"

"ऱ्हवलेला उद्या बोलूया."

"मग? माझं कुठं संपलंय!" कांबळेसाहेब म्हणाले.