उसना रवंथ

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी शेण गोळा करत हिंडायचे. आई पाहुण्यांना सांगायची, ‘मायक्रोबायोलॉजी करतेय.’ शेणाचं नाव काढायची नाही.

माझा प्रोजेक्ट असा: उल्हासनगरच्या तबेल्यातल्या म्हशींना येता-जाता अँटिबायोटिकची इंजेक्शनं मिळत, त्यामुळे त्यांच्या पोटातले जिवाणू त्या औषधाला दाद देत नसत. ही निगरगट्टपणाची जनुकं ते दुसऱ्या जिवाणूंना देतात का, हे मला दोघांना एका परीक्षानळीत घालून पाहायचं होतं. घेणारे जिवाणू मात्र साधे हवेत, म्हणजे जन्मात इंजेक्शन न टोचलेल्या गाईचे. अशी गाय मला सोनिवली गावात सापडली. तिच्या मालकिणीला मी मावशी म्हणायचे. एकटी बाई, एकच गाय, आणि चार घरचा दुधाचा रतीब. मी डबी घेऊन दिसले की मावशी हसायची, “आली गो शेणवाली!”

तोवर आजूबाजूला बिल्डिंगी उठल्या होत्या. सर्वपित्री अमावस्येला प्रत्येक घराला गोग्रास द्यायला गाय हवी आणि गाय उरलेली ही एकच. भात, खीर, वडे, पुऱ्या. पानांमागून पानं आली. बेलवलीच्या आमच्या घरून आईनं पाठवलेलं पान मीही नेलं आणि वर लाडानं दोन वाट्या भात जास्त घातला. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंवर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिणारी मी! तेव्हा अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गाय बसलेली. आंबूस वासाचं पातळ शेण, दात करकर वाजताहेत.

“कालपासना रवंथ नाय करीत,” मावशी म्हणाली. ती गाईच्या पोटावरून हात फिरवत होती, थांबतच नव्हती.

गुरांच्या डॉक्टरांनी सोडा पाजला. म्हणाले, “भात आंबून आतले जिवाणू मेलेत. धडधाकट जनावराचा रवंथ काढून पाजला तर वाचेल. कुणाकडे आहे जनावर?”

गावातली गुरं केव्हाच विकली गेली होती. मला एकच जागा माहीत होती, उल्हासनगरचा तबेला. पण तिथल्या म्हशीचा रवंथ हिच्या पोटात गेला की माझी साधी गाय संपली, आणि वर्षभराचं काम मातीत. नळीतले प्रयोग अजून अर्धे बाकी होते. मी खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करत बसले. पट्ट्याला काही झालं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण मला आजही त्याची लाज वाटते.

मग मी बोलले. डॉक्टरांच्या स्कूटरवरून आम्ही तबेल्यात गेलो. त्यांनी म्हशींच्या तोंडात हात घालून रवंथाचे चार-पाच गोळे ओढून काढले, मी ते माझ्या थर्मासात कोमट पाण्यात घेतले आणि परत येऊन आम्ही गाईला पाजले. तबेलेवाला बघतच राहिला, “मॅडम, अब मुँह का भी ले जाओगे?”

तिसऱ्या दिवशी गाय उठून गवत चघळू लागली. मावशीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि मी चक्क रडले. ती माझे उपकार मानत होती, हे मला सोसवत नव्हतं.

काही दिवसांनी मी गाईच्या शेणातले जिवाणू तेच अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर टाकले. आधी तिची अशी प्लेट नेहमी कोरी राहायची. आता ती ठिपक्यांनी भरून गेली. जनुकं इकडून तिकडे गेली की म्हशीचे जिवाणूच मुक्कामाला आले, हे मला सांगता येईना.

माझ्या प्रोजेक्टच्या सरांनी प्लेट उजेडात धरली. “म्हणजे आता तुझ्या प्रोजेक्टला गाय नाही.”

“नाही सर,” मी म्हटलं. “मावशीला आहे.”