मोहरीएवढं फुप्फुस

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर भाचीने मला मोहरीएवढं फुप्फुस दाखवलं, बशीत वाढवलेलं. त्यात तिने आधी विषाणू सोडला होता, मग शरीराच्या रक्षक पेशी. दोन दिवसांचं चित्रण तिने भराभर पळवलं. रक्षकांनी विषाणूचा फडशा पाडला आणि मग ते धडधाकट पेशींवरच तुटून पडले. भिंती फाटल्या, नुसता लगदा उरला.

“अगं, आता कुणाला मारतायत मेले?”

“घरच्यांनाच, आत्या. त्यांना थांबता येत नाही. बाबांचंही असंच झालं.”

तिचे बाबा म्हणजे माझा दादा. दवाखान्यात त्याच्या कानाशी वाकून मी रोज बजावत होते, “लढ दादा, थांबू नकोस.”

जन्मभर त्याने माझं ऐकलं नाही. तेवढं एकदाच ऐकलं.