भिंतीवरून उतरलेली यादी

माझं नाव एकदा सरकारी भिंतीवर लागलं, म्हणून मी शिकलो. बारावीनंतर नांदेडच्या मुलांच्या सरकारी वसतिगृहाच्या दाराशेजारी निवड यादी चिकटवली होती. औशाकडच्या आमच्या गावाहून वडील माझ्यासोबत आले होते. ते गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून नाव दाखवलं. त्यांनी त्या नावावर अख्खा पंजा टेकवला आणि म्हणाले, "वलं हाय की अजून." खळ वाळली नव्हती.

त्या वसतिगृहाच्या भाकरीवर मी पदवी घेतली. आमच्या घरात ती पहिलीच. पुढं लातूरला हायस्कूलवर मास्तर झालो. सरकारी कचेऱ्यांना कुणी नावं ठेवली की मी भांडायचो. वर्गात पोरांना सांगायचो, अर्ज नीट भरा, मुदतीत द्या, पुढचं ते बघतात. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही.

माझी धाकटी बहीण चाकूरजवळच्या एका गावात दिली आहे. तिची मुलगी बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली आणि नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला लागली. तिनं मुलींच्या सरकारी वसतिगृहासाठी अर्ज केला. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, स्वभावानं वाईट नाहीत, पण शब्दाचे पक्के आहेत. त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

"गुर्जी, सरकारी वसतिगृह लागलं तर खुशाल जाऊ द्या. पण पोरीला भाड्याच्या खोलीत ठेवणार न्हाई. दिवाळीपतुर बघतो. न्हाई लागलं तर चाकूरचं कॉलेज काय वाईट हाय?"

चाकूरच्या त्या कॉलेजात सायन्स नव्हतं. म्हणजे वसतिगृहातली एक कॉट मिळाली तर ती शास्त्र शिकणार होती, नाही मिळाली तर नाही. तोवर ती नांदेडात बहिणीच्या चुलत नणंदेकडे राहिली. एक खोली, त्यात पाच माणसं आणि ही सहावी.

वसतिगृहाच्या कार्यालयातून सांगितलं होतं, नंबर लागला की फोन येईल. अर्जावर नंबर बहिणीचा होता. ती सोयाबीन खुरपायला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कमरेला खोवायची. बाया हसायच्या. "काय गं, कलेक्टर फोन करणार हाय का?" ती म्हणायची, "करंल की. तुला काय करायचं?"

फोन आला नाही. मी रजा काढून नांदेडला गेलो. टेबलावरच्या बाबूंना नमस्कार केला, ओळख सांगितली.

"यादी लागली का साहेब?"

"लागली की."

"कुठं?"

"ऑनलाइन."

"ते पान उघडत नाही. इथं भिंतीवर लावली नाही का?"

"भिंतीवर आता कोण लावतंय सर? यादी वर गेली."

"वर म्हणजे?"

त्यांनी पेन छताकडं केलं. त्या इमारतीला वरचा मजला नाही.

मी याच खात्याच्या वसतिगृहात शिकलो, असं बोलण्यात आलं, तसे ते खुलले. "अरे, मग तुम्ही तर आपलेच! घ्या, चहा घ्या." मी चहा घेतला. चहाचा कप टेबलावर ठेवून, हात जोडून, यादी न पाहता परत आलो. वाटेत अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मला त्यांनी काहीच सांगितलं नाही.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. शाळेत पत्रलेखन शिकवतो तसाच तो लिहिला: सविनय विनंती, आपला कृपाभिलाषी, आणि मध्ये एकच प्रश्न, माझ्या भाचीला प्रवेश का मिळाला नाही? महिन्याच्या अखेरीला उत्तर आलं की 'का' याचं उत्तर देणं हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्यांचं कायद्यानं बरोबर असेल. पण ज्या मुलीचं वर्ष अडकलं आहे तिच्या मनात दुसरा कुठला प्रश्न असणार? तो सोडून बाकी काहीही विचारा, म्हणे.

दुसऱ्या अर्जात विनंती नव्हती. निवड यादी, प्रतीक्षा यादी आणि रिकाम्या जागांची माहिती, शेऱ्यांसह, प्रमाणित प्रती.

चार-आठ दिवसांत मला फोन आला. शाळेतच होतो, मधली सुट्टी होती. तेच बाबू.

"सर, हे काय करायलाव तुम्ही? आमच्याच भाकरीवर शिकलाव अन् आमच्यावरच कागद टाकायलाव?"

"तसं नाही साहेब," एवढं म्हणालो आणि फोन ठेवला. घंटा झाली, वर्गावर गेलो आणि फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. आमच्या भाकरीवर! ती भाकरी या माणसाच्या घरची होती? माझ्या बापानं आयुष्यभर विकत घेतलेल्या प्रत्येक काडेपेटीवर कर भरला, तो कुठं गेला होता? मी इतकी वर्षं ज्या उपकाराचं ओझं आनंदानं वाहत होतो, तो उपकार या माणसानं आपल्या खिशातून काढून मला दाखवला, आणि म्हणाला, आता गप बस.

त्या दिवसापासून मी गप बसणं सोडलं.

दिवाळी आली. दाजी नांदेडला गेले, कॉलेजातून दाखला काढला आणि मुलीला घेऊन आले. चाकूरला बी.ए.ला नाव घातलं. भाऊबीजेला मी गेलो तेव्हा प्रयोगशाळेचा पांढरा अॅप्रन दोरीवर वाळत होता. बहिणीनं धुऊन टाकला होता. भाची म्हणाली, "मामा, हा तुमच्या शाळेत कुणाला लागत असंल तर न्या." मी नेला नाही.

अर्जाचं उत्तर त्यानंतर आलं. यादीत इतर विद्यार्थिनींची नावं आहेत, ती त्रयस्थ व्यक्तींची माहिती आहे, सबब देता येत नाही. मी अपील केलं. सुनावणीला मोठ्या साहेबांच्या खोलीत मी खुर्चीत आणि बाबू शेजारी उभे, फाइल छातीशी धरून.

"साहेब," मी म्हणालो, "माझं नाव याच खात्यानं भिंतीवर लावलं होतं. येणारा-जाणारा वाचत होता. तेव्हा ते गुपित नव्हतं."

"तेव्हाचं वेगळं होतं. आता मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"मग पत्ते झाका, फोन नंबर झाका. नाव, अर्ज क्रमांक, गुण आणि शेरा एवढं द्या."

साहेबांना हे पटलं. तसा आदेश झाला. मी स्वतःवर खूश होतो.

प्रती हातात पडल्या तेव्हा उन्हाळा लागला होता, कॉलेजांच्या परीक्षाही उरकल्या होत्या. मी त्या कार्यालयाच्या पायरीवरच बसून वाचल्या. प्रतीक्षा यादीत माझी भाची दुसरी होती. तीन जागा वर्षभर रिकाम्या. आणि तिच्या नावापुढं शेरा: 'संपर्क होऊ शकला नाही.'

मी आत गेलो. "कुणी संपर्क केला होता? कधी? कुठल्या नंबरवर?"

बाबू शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हाला माहिती पाहिजे होती, मिळाली. तुमचा विषय निकाली निघाला."

मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी टेबलावर. आवाज मोठा झाला, पण आजूबाजूच्या टेबलांवर कुणी मान वर केली नाही. त्यांना सवय असावी.

परत येताना चाकूरला उतरून बहिणीकडे गेलो. तिला शेरा वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग फोन हातात घेऊन बघत बसली.

"दादा, ह्याला तर मी पावसात बी भिजू दिला न्हाई."

दाजी उखडले, माझ्यावर. "गुर्जी, हे कागद आता कशाला दाखवायलात आम्हाला? मी पोरीला घरी आणलं, लोक मला म्हणायलेत आडमुठा. अन् तिथं कॉट रिकामीच होती व्हय?" ते उठून बाहेर गेले. दारातून वळून म्हणाले, "तीन!"

भाचीनं कागद ओढून घेतले. बराच वेळ वाचत होती. मग तिनं विचारलं, "मामा, माझ्या वरची कोण हाय ही? पहिल्या नंबरची? हिला बी 'संपर्क होऊ शकला नाही'च लिवलंय."

मी बघितलं. नाव होतं, पत्ता काळ्या शाईनं झाकलेला, फोन नंबरही. झाकायला मीच सांगितलं होतं.

"हिला म्हाईतच नसंल," भाची म्हणाली. "ती बी समजत असंल, आपलेच मार्क कमी पडले."

माझ्याजवळ निदान दोन-तीन अर्ज लिहिण्याइतकं शिक्षण होतं, रजा होती. त्या मुलीचा मामा कोण असेल? असेल का?

मी म्हणालो, "ही यादी मी त्यांच्या भिंतीवर लावणार."

"त्यावर पोरींची नावं नका ठेवू," ती म्हणाली, "लोक वाचतात. नुसते अर्जाचे नंबर ठेवा. जिचा हाय तिला पाठ असतोय. मला माझा अजून पाठ हाय." आणि पेन घेऊन एकेक नाव काळं करायला बसली.

नव्या प्रवेशांचे अर्ज सुरू झाले त्या सोमवारी आम्ही दोघं नांदेडला गेलो. बहिणीनं कणकेची खळ शिजवून डब्यात दिली होती. वसतिगृहाच्या फाटकाशेजारी, अर्ज भरायला आलेल्या मुली आणि त्यांचे बाप उभे होते तिथं, मी कागद लावला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: मागच्या वर्षी जागा रिकाम्या होत्या. या अर्ज क्रमांकांच्या मुलींना फोन केला नाही.

चौकीदार आला. "ओ सर, काय लावायलाव? परवानगी हाय का?"

"यादी हाय. तुमच्याच ऑफिसची, शिक्का बघा."

"आता हिचा काय उपयोग? संध्याकाळपतुर फाडतील बघा."

"फाडू द्या."

भाचीनं त्याच दिवशी पुन्हा अर्ज भरला, सायन्सच्या पहिल्या वर्षासाठी. दाजी अजून हो म्हणालेले नाहीत. नाही असंही म्हणालेले नाहीत. बहिणीनं फोन पुन्हा पिशवीत बांधला आहे.

कागद त्याच संध्याकाळी फाडला, असं चौकीदारानंच नंतर सांगितलं. झेरॉक्सचं दुकान आमच्या शाळेसमोरच आहे. या रविवारी मी परत चाललोय.