झुबेदाआपांच्या अंगणातली बिळं

बाळांनो, तुमच्या घरामागच्या हिरवळीत मातीला भोकं पडली आहेत आणि शनिवारी त्यांत औषध फवारायचं ठरलं आहे, असं तुमची आई परवा फोनवर म्हणाली. फवारण्याआधी हे वाचा. भिवंडीतल्या आमच्या शेजारीण झुबेदाआपा यांच्याबद्दल आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे एक बाई पाटावर बसून जमिनीकडे एकटक बघत होत्या. काही हरवलं का, असं मी विचारलं.

"हरवलं न्हाय, ताई. कोण कुठं ऱ्हातंय ते बघतेय."

त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये माग होते. सुताच्या रिकाम्या कांड्या आपा अंगणात बिळाबिळाशेजारी खोचून ठेवत. नुसती कांडी म्हणजे मातीत एकटी राहणारी मधमाशी, पोटावर निळे पट्टे असलेली. लाल सूत गुंडाळलेली कांडी म्हणजे अजून खात्री नाही, लांब राहा.

"जिथं एकटीच जाते-येते ती गरीब," आपा सांगत. "ज्या दारात ये-जा थांबत न्हाय, तिथं फौज हाय. तिथं पाय न्हाय ठेवायचा."

एका पावसाळ्यानंतर नळाजवळच्या बिळात खरंच गांधीलमाश्यांची फौज निघाली. त्यांतली एक आपांचे यजमान कासमभाई यांना चावली. तोंड सुजलं, श्वास घेता येईना. दवाखान्यातून ते बरे होऊन आले, पण पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. आपांनी जाणत्या माणसाला बोलावून ते पोळं लगेच काढवलं. कासमभाईंचं तेवढ्याने समाधान होईना. सगळ्या अंगणाला लादीच बसवायची, म्हणाले.

"अगो, तुला नवरा पायजे का माश्या?"

"दोन्ही पायजेत. सकाळ त्यांची, बाकी दिवस तुमचा."

मी हसले. आपा मात्र कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, यांना काय झालं तर माश्या घेऊन काय करू?" आणि मिस्त्रीला त्यांनीच निरोप धाडला.

लाद्या नळाकडून बसत आल्या. भिंतीलगतच्या कांड्या मिस्त्रीने उपटून हातभर पलीकडे खोचल्या. कासमभाई खिडकीच्या जाळीमागे बसून काम बघत होते. तेवढ्यात पायांना पिवळे पराग माखलेली एक माशी परत आली. बीळ होतं तिथेच होतं, पण ती हलवलेल्या कांडीभोवतीच घिरट्या घालू लागली. बसे, माती उकरी, पुन्हा उडे.

"अगो, इकडं ये! ही घर चुकली!"

"तुमीच मोडायला सांगितलंत," आपा म्हणाल्या.

माशी अजून फिरतच होती. मग कासमभाई जाळीतूनच ओरडले, "अरे मिस्त्री, वो कांडी पहले जहाँ थी, वहाँ लगा! उसका घर है उधर!"

आपांनी स्वतःच कांडी उचलून जुन्या जागी खोचली. माशीने एक फेरी मारली आणि सरळ बिळात शिरली.

"आयला, पत्ता पाठ हाय हिला," कासमभाई म्हणाले. "मिस्त्री, भिंतीकडची माती सोड."

त्यानंतर रोज सकाळी आपा बाहेर पाटावर आणि कासमभाई आत जाळीमागे. "कोण आली गो?" ते आतून विचारत. त्यांना पुन्हा कधी माशी चावली नाही. आपाच आधी गेल्या, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, साध्या तापाने.

आता घर त्यांच्या सुनेकडे आहे. अंगणाला लादी आहे. भिंतीलगतची मातीची पट्टी उघडी आहे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या तिथे राहतात.