एवढीशी गोळी

टोकावड्याचे एक काका दर महिन्याला माझ्या मुरबाडच्या औषधाच्या दुकानात येतात. त्यांच्या तळपायाला कातडीचा कॅन्सर आहे. त्या पायाबद्दल ते जावयाबद्दल बोलावं तसं बोलतात, "ह्यो आज रुसलाय."

डॉक्टरांनी त्यांना केमोची अगदी कमी ताकदीची गोळी दिली आहे, रोज एकच. मोठा डोस अंगातली लढायची ताकदही मारतो, छोटा डोस तिला जागं करू शकतो, असं मी समजावते. ते मान हलवतात आणि म्हणतात, "आजार येवढा, नि गोळी येवढीशी?"

गेल्या महिन्यात ते लवकरच आले, तेही तोंड आलेलं घेऊन. "रोज दोन घेतल्या गो. एकीनं काय व्हनार?"

मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी काही दिवस थांबवली.

आज काकांनी चप्पल काढून पाय दाखवला. तळव्यावरची गाठ खरंच लहान झाली होती.

"डॉक्टर म्हनतात, आताच सांगता येत नाय. तू सांग गो, कशानं कमी झाली? एकीनं, दोनीनं, का बंद केल्यानं?"

"मलाही नाही कळत, काका."

"मंग आपन तिघंबी सारकेच," म्हणत ते हसले आणि अनवाणीच रस्त्यावर उतरले. चप्पल घेऊन मी मागे धावले.